‘जीव दिला’, ‘प्राण वेचले’ आणि ‘कामी आला’

तुर्कस्तानातील गॅलिपोली येथे पहिल्या महायुद्धातील ऑस्ट्रेलियन सैनिक जॉन सिम्प्सन कर्कपॅट्रिक याचे थडगे आहे. त्यावरील इंग्रजी ओळीचे मराठी एका वाचकाने ‘इतरांनी जगावे म्हणून त्याने जीव दिला’ असे केले. घरातील वडीलधाऱ्यांना ते खटकले आणि त्यांनी ‘धारातीर्थी पडला’ असे सुचवले. यांपैकी योग्य कोणते, असा प्रश्न आहे.

वडीलधाऱ्यांचा कान बरोबर आहे, पण त्यांनी सुचवलेला पर्याय मला पटत नाही. ‘जीव देणे’ या प्रयोगाची गंमत अशी की, तो बोलीतल्या वचनात निर्मळ असतो आणि भूतकाळात गेला की त्यावर सावली पडते. ‘मित्रासाठी जीव देईन’ किंवा ‘जीवाला जीव देणारा माणूस’ यांत कुणालाही वावगे वाटत नाही; मात्र ‘तिने विहिरीत जीव दिला’ म्हटले की आत्महत्येखेरीज दुसरा अर्थ निघत नाही. ‘देशासाठी जीव दिला’ हे चालते, कारण ‘देशासाठी’ हा शब्द क्रियापदाला अगदी खेटून उभा असतो. वाचकाच्या वाक्यात तसे होत नाही. ‘जगावे म्हणून’ या हेतुवाक्यामुळे त्या माणसाने ठरवून स्वतःला संपवले, असा भास होतो.

प्रत्यक्षात काय घडले ते पाहिले की शब्द निवडणे सोपे जाते. कर्कपॅट्रिक 1892 साली इंग्लंडमधील साउथ शील्ड्स येथे जन्मला, व्यापारी जहाजावर खलाशी झाला आणि 1910 मध्ये ऑस्ट्रेलियात जहाज सोडून पळाला. पुढे त्याने ऊसतोड, कोळशाची खाण, जहाजाची भट्टी अशी मिळतील ती कामे केली. 1914 मध्ये तो ‘जॉन सिम्प्सन’ या नावाने सैन्यात भरती झाला. इंग्लंडला फुकट परतता येईल, ही आशा त्यामागे असावी असे मानले जाते. त्याला तिसऱ्या फील्ड अँब्युलन्समध्ये घेतले. येथे ‘अँब्युलन्स’ म्हणजे गाडी नव्हे, तर जखमींची ने-आण करणारी वैद्यकीय तुकडी. 25 एप्रिल 1915 रोजी तो गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरला, लवकरच त्याने एक गाढव मिळवले आणि त्याच्या पाठीवर जखमींना बसवून तो त्यांना दरीतून किनाऱ्याकडे आणू लागला. 19 मे रोजी, वयाच्या 22 व्या वर्षी, याच कामावर असताना मोनाश व्हॅलीत मशिनगनच्या गोळीने तो ठार झाला.

आता ‘धारातीर्थ’. शस्त्राची धार हेच तीर्थ, अशी ही कल्पना आहे. तोफा-बंदुकांच्या काळातही आपण हा शब्द वापरतो, तेव्हा तलवार नव्हती ही सबब नाही. अडचण अशी की, त्या शब्दात लढणारा माणूस गृहीत आहे आणि सिम्प्सन तर जखमी वाहणारा होता. ‘हुतात्मा’ या शब्दाला, विशेषतः संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर, आपल्याकडे ध्येयासाठी केलेल्या बलिदानाचा रंग चढला आहे. घरी परतण्याच्या आशेने भरती झालेल्या खलाशावर तो चढवणे मला जड वाटते.

मला आवडतो तो जुना ‘कामी येणे’ हा प्रयोग. उपयोगी पडणे आणि लढाईत मारले जाणे, असे दोन्ही अर्थ त्यात नांदतात, म्हणून त्याच्या चरित्रात ‘19 मे रोजी तो कामी आला’ हे वाक्य चपखल बसेल. थडग्यावरच्या ओळीसाठी मात्र ‘इतरांनी जगावे म्हणून त्याने प्राण वेचले’ असे मी सुचवेन. ‘वेचणे’ म्हणजे खर्चणे. आणि रोज थोडे थोडे खर्चावे तसेच त्याचे ते चोवीस दिवस होते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. तेथील भारतीय पहाडी तोफखान्याच्या खेचरवाल्यांमध्ये सिम्प्सनचा मुक्काम असे आणि ते त्याला ‘बहादुर’ म्हणत. त्याचे मराठी करताना हात आपोआप ‘बहाद्दर’कडे वळेल, पण तो मोह आवरावा. ‘तो बहाद्दर गाढव घेऊन निघाला’ हे वाक्य मराठीत वाचणारा माणूस हसल्याशिवाय राहणार नाही. तेथे मूळचा ‘बहादुर’च ठेवावा.