‘मी काय विशेष केलं?’ म्हणणाऱ्यांना बोलतं कसं करायचं?

प्रश्न : ताई, ओळखीतल्या एक काकू बरीच वर्षं कामगारांच्या पोरांना संध्याकाळी फुकट शिकवतात. आमच्या ग्रुपने अशा लोकांशी गप्पांची सिरीज सुरू केलीय म्हणून त्यांच्याकडे गेलो, तर प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "अहो मी काय विशेष केलं?" दोन ओळींच्या वर काही मिळालंच नाही. काय करायचं?

उत्तर : आधी सांगा, विचारलंत काय? "प्रेरणा कुठून मिळाली", "तरुणांना काय संदेश द्याल" हेच ना? मग काकू तरी काय बोलणार बिचाऱ्या. असले प्रश्न सत्कार समारंभातले, त्यांना उत्तरंही सत्काराचीच मिळतात. त्यापेक्षा काल काय झालं ते विचारा. काल कोण आलं, कोण नाही आलं, नाही आलं तर का, फळा ठेवता कुठे, पाऊस आला की बसता कुठे, सगळ्यात पहिलं आलेलं पोर आता काय करतं. माणूस स्वतःबद्दल बोलायला लाजतो पण कामाबद्दल नाही लाजत, एकदा गाडी सुरू झाली की तुम्हालाच थांबवावं लागेल बघा.

जादव पायेंग यांचं नाव ऐकलं असेल, आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या वाळूच्या बेटावर जंगल उभं करणारे, २०१५ ला पद्मश्री मिळालेले. त्यांच्याबद्दल "निसर्गप्रेमापोटी झाडं लावली" असं लिहिलं तर ते खोटं नाही पण वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? झालं असं की १९७९ च्या पुरानंतर वाळूवर साप मरून पडलेले त्यांनी पाहिले, आसपास सावलीला झाड म्हणून नाही, उन्हाने तडफडून मेलेले, आणि पोरसवदा वयातल्या त्या मुलाने तिथे बांबू लावायला घेतले. मेलेले साप, तापलेली वाळू, मग बांबू. हे ऐकलं की आणखी कुणाला प्रेरणाबिरणा विचारायची गरजच राहत नाही. तुमच्या काकूंकडेही असं काहीतरी असणार, बहुतेक त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नसेल.

अजून एक करून बघा. अमेरिकेत स्टोरीकॉर्प्स नावाचा उपक्रम आहे, २००३ ला न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात एका छोट्याशा रेकॉर्डिंग बूथपासून सुरू झालेला. तिथे पत्रकार मुलाखत घेतच नाही. ओळखीची दोन माणसं, म्हणजे आजी-नातू किंवा जुने दोस्त, आत बसतात आणि साधारण ४० मिनिटं एकमेकांशी बोलतात, बस. तेव्हा काकूंकडे शिकून गेलेला एखादा पोरगा शोधा, प्रश्न त्यालाच विचारू द्या आणि तुम्ही मोबाइलचं रेकॉर्डिंग लावून बाजूला गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं बरं का, समोरचा दोन सेकंद थांबला की लगेच आपलं तोंड उघडतं आणि तो जे सांगणार होता ते राहूनच जातं.

प्रश्न : पैशाचं विचारलं तर वाईट दिसतं का?

उत्तर : नाही. बिनधास्त विचारा. फक्त "फंडिंग कसं मॅनेज करता" असं नको, "मागच्या महिन्यात कशाकशाला खर्च झाला" असं विचारा. पदरचे घालणारी माणसं वह्या-पेन्सिलींपासून सगळं भडाभडा सांगतात, वर घरचे काय बोलतात तेही कळतं. आणि देणग्या घेणारं कुणी हिशोबाचं नाव काढल्यावर विषय बदलायला लागलं तर त्यांना सिरीजमध्ये घ्यायचं का ते परत बघा.

प्रश्न : साध्या माणसांशी बोलून होतं काय? सेलिब्रिटी असला की व्ह्यूज येतात, आमच्या गप्पा कोणी बघत नाही.

उत्तर : व्ह्यूजचं औषध माझ्याकडे नाही. पण केनियातल्या वांगारी मथाईंचं सांगते. खेड्यातल्या बायका त्यांना सांगायच्या की ओढे आटत चाललेत, सरपणासाठी लांबलांब जावं लागतंय. रोजचीच रड, कोणीही ऐकून सोडून दिली असती. बाईंनी १९७७ ला त्याच बायकांना हाताशी धरून रोपं लावायला सुरुवात केली, ती ग्रीन बेल्ट मूव्हमेंट, आणि २००४ ला त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. त्या बायकांच्या तक्रारींना व्ह्यूज किती होते?

प्रश्न : व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या एका ताईंनी गप्पांच्या भरात घरातलं बरंच काही सांगितलं, नवऱ्याची दारू, मारहाण वगैरे. सगळ्यात दमदार भाग तोच आहे. टाकू का?

उत्तर : त्यांना तो भाग जसाच्या तसा वाचून दाखवा, शेजारी बसून, फोनवर घाईघाईत नको. भरात सांगितलं म्हणजे छापायला परवानगी दिली असं होत नाही. नाव बदलतो म्हणाल तर त्याचा उपयोग नाही, त्यांचं काम वाचलं की ओळखीचा प्रत्येक जण दोन मिनिटांत ओळखणार, आणि तुम्ही पोस्ट टाकून मोकळे, त्यांना मात्र त्याच घरात, त्याच माणसांत राहायचंय. नवरा काय म्हणेल, मुलं शाळेत काय ऐकतील हे त्यांना स्पष्ट विचारा आणि विचार करायला एकदोन दिवस द्या. "हो" म्हणाल्या तर टाका. "राहू दे" म्हणाल्या तर काढा, कितीही जीवावर आलं तरी, आणि मूळ रेकॉर्डिंग ग्रुपवर फिरवू नका.