पासवर्डचे नियम घालताना

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात लिनक्सचे सर्व्हर सांभाळतोस ना, मग आधी एक ऐक. पॅमच्या (PAM, लॉगिन तपासणारी लिनक्सची यंत्रणा) फाइलला हात लावण्याआधी रूटचं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचं, दुसरं सेशन उघडं ठेव. एक ओळ चुकली तर लॉगिनच बंद.

पीडब्ल्यूक्वालिटी (pwquality) पासवर्ड पक्का आहे का ते तपासतं. त्याच्या फाइलमध्ये मिनलेन (minlen), म्हणजे कमीत कमी लांबी, निदान १२ कर. मोठं अक्षर, आकडा, चिन्ह यांच्या सक्तीवर माझा फारसा विश्वास नाही. लोक रोमनमध्ये 'बेळगावी@१२३४' टाकतात आणि नियम खूश! शब्दकोशाची तपासणी मुख्यतः इंग्रजी शब्द पकडते, आपले नाही. म्हणून त्याच फाइलमधल्या बॅडवर्ड्समध्ये (badwords, पासवर्डात नको असलेल्या शब्दांची यादी) रोमन लिपीत बेळगाव, बेळगावी, कुंदा, राजहंसगड आणि कंपनीचं नाव घाल.

रूटने कुणाचा पासवर्ड बदलला तर नुसता इशारा येतो, कच्चा पासवर्ड चालून जातो. त्यासाठी एन्फोर्स-फॉर-रूट (enforce_for_root) लाव, म्हणजे रूटलाही नियम लागतील. नवे नियम जुन्या पासवर्डना लागत नाहीत, त्यासाठी प्रत्येकाच्या खात्याला 'चेज -डी ०' (chage -d 0) ही कमांड दे, म्हणजे पुढच्या लॉगिनला बदलावाच लागेल. बॅकअपच्या सर्व्हिस अकाउंटला मात्र देऊ नकोस, रात्रीचं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) अडकेल.

साहेब दर महिन्याला पासवर्ड बदला म्हणतील. अमेरिकेच्या निस्टने (NIST, मानकं ठरवणारी सरकारी संस्था) २०१७ मध्येच विनाकारण बदलायला लावू नका असं लिहिलंय, तेवढं पान छापून ने.