विनिपेगचं घर घेताना पायाचे तडे कसे वाचायचे

तुमची नेरूळहून कॅनडातल्या विनिपेगला बदली होतेय, व्हिडिओवर एक जुनं घर पसंत पडलंय, पण बेसमेंटच्या भिंतीत तडे दिसले म्हणून ते सोडावं का, असं तुम्ही विचारलंय. नुसते तडे आहेत म्हणून सोडू नका. तिथल्या बहुतेक जुन्या घरांत ते असतातच. तडा कुठल्या दिशेचा आहे आणि अजून हलतोय का, हे आधी कळायला हवं.

नेरूळ-वाशीच्या जुन्या इमारतींत तडा म्हणजे बरेचदा आतली सळई गंजलेली. खाडीची खारी हवा, चार महिने पाऊस. गंज फुगतो आणि काँक्रीट सुटतं. विनिपेगचं दुखणं मातीत आहे. हे शहर हिमयुगातल्या अगासिझ सरोवराच्या तळावर वसलंय. खाली चिकणमातीचा जाड थर आहे, तो ओला झाला की फुगतो, सुकला की आक्रसतो. त्यात थंडी. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं हे आपण शाळेत शिकलो, पण जमीन उचलली जाते ती केवळ त्याने नाही. गोठणारा थर खालच्या मातीतलं पाणी वर ओढत राहतो, त्याच्या बर्फाच्या चकत्या जाड होत जातात आणि वरचं सगळं उचलतात. गोठलेली माती पायाच्या भिंतीला चिकटून तिलाही वर खेचते.

उभी, केसासारखी भेग बहुधा काँक्रीट सुकताना पडलेली असते. तिच्यातून पाणी झिरपत असेल तर भेगेत पॉलियुरेथेन हे प्लास्टिकसारखं रसायन दाबाने भरून ती बंद करता येते. तिरकी, एका टोकाला रुंद होत गेलेली किंवा ब्लॉकच्या भिंतीत पायऱ्यापायऱ्यांनी चढलेली भेग म्हणजे पायाचा एक भाग खचलाय किंवा उचलला गेलाय. सगळ्यात जास्त जपा ते आडव्या भेगेपासून. बाहेरची ओली किंवा गोठलेली माती भिंत आत ढकलत असते तेव्हा ती पडते. एजंटला भिंतीला लांब सरळ पट्टी लावून पोट आलंय का ते बघायला सांगा. तसं असेल, तर होम इन्स्पेक्टरच्या, म्हणजे खरेदीआधी घर तपासणाऱ्याच्या, शब्दावर थांबू नका, परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल मागा. ऑफर देताना तपासणीची अट घालाच, कितीही घाई करायला लावली तरी.

हालचाल ओळखायच्या खुणा वेगळ्या. पूर्वी भरलेली भेग पुन्हा उघडलीय का? वरच्या मजल्यावरचे दरवाजे अडकतात का? बेसमेंटमध्ये तुळईखाली लोखंडी खांब दिसतील, त्यांना टेलिपोस्ट म्हणतात. मातीच्या हालचालीप्रमाणे त्यांची उंची स्क्रूने कमीजास्त करतात, त्यामुळे ते असणं चिंतेचं नाही. शेवटचे कधी फिरवले ते विचारा. विक्रीच्या तोंडावर बेसमेंटची एकच भिंत नव्याने रंगवली असेल तर मी तरी आधी तिथेच टॉर्च मारेन.

बाहेरचं पाणी बघणं हिवाळ्यात कठीण, कारण जमिनीचा उतार बर्फाखाली असतो. त्यामुळे उन्हाळ्यातले फोटो मागवा. माती घरापासून लांब उतरायला हवी, आणि छताचं पाणी पाइपने भिंतीपासून दोनेक मीटर दूर पडायला हवं. बेसमेंटच्या भिंतीवर पांढरी पावडर दिसली तर तिथून ओल येते. घर खचण्याचा खर्च नेहमीचा गृहविमा सहसा देत नाही, म्हणून हे सगळं सही करायच्या आधी.

राहायला गेल्यावर कोरड्या उन्हाळ्यात पायाभोवतीच्या मातीला अधूनमधून पाणी द्या, म्हणजे ती सुकून आक्रसणार नाही, विशेषतः भिंतीजवळ पाणी शोषणारं मोठं एल्मचं झाड असेल तर. आणि डिसेंबरमध्ये लग्नकार्यासाठी महिनाभर नेरूळला आलात तरी हीटिंग बंद करून येऊ नका. तापमान कमी ठेवा आणि शेजाऱ्याला अधूनमधून बघायला सांगा. घर थंड पडलं तर पाइप फुटतातच, शिवाय बेसमेंटच्या फरशीखालची माती गोठून पाया आतूनच उचलला जाऊ शकतो.