कळसूबाई पहिल्यांदाच करायचंय, सोबत बारा वर्षांचा मुलगा आहे. किती वेळ लागतो? नाईट ट्रेक करावा का?

वेळेचं आधी सांगून टाकतो. पायथ्याच्या बारी गावातून वर जायला नवख्याला साडेतीन-चार तास, सवय असेल तर अडीच. उतरायला तीन धरा. नाईट ट्रेक करू नका, पोरगा सोबत असेल तर अजिबातच नको. उत्तर संपलं. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण तुमच्या प्रश्नातला तो बारा वर्षांचा मुलगा वाचला आणि मला राहवलं नाही.

2018 च्या जूनचा पहिला आठवडा. आम्ही नाशिकचे, मेव्हणा पुण्याचा. त्याने कुठल्याशा ग्रुपकडे बुकिंग केलं: शनिवारी संध्याकाळी भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे, रात्री बारीत जेवण, बाराला चढाई सुरू आणि सूर्योदय शिखरावर. माझी लेक तेव्हा अकराची. मामाने तिला फोनवर परस्पर सांगून टाकलं होतं की आपण महाराष्ट्राच्या डोक्यावर उभं राहणार आहोत. मला विचारलं ते पैसे भरून झाल्यावर.

काजव्यांबद्दल तक्रार नाही. एक सादडा नखशिखान्त लुकलुकत होता. तो विझला की शेजारचा पेटायचा, जणू दोघांचं आधी ठरलंय. लेक तोंडाचा आ करून बघत राहिली. मग मागून एका गाडीचे हेडलाइट आले आणि झाडं नुसती झाडं उरली.

बारीत पोचलो तर बसच्या रांगा. आमच्याच ग्रुपात साठ-सत्तर माणसं, असे आणखी किती ग्रुप देव जाणे. लीडर म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवलेला बाविशीचा पोरगा. भला होता बिचारा, पण सत्तर माणसांना एक शिट्टी. पिठलं-भाकरी खाऊन निघालो. गाव सोडलं की थोड्या वेळात कळसूबाईचंच एक देऊळ लागतं. ज्यांना वर जाणं झेपत नाही ती म्हातारी माणसं तिथेच हात जोडतात. हे देऊळ लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

अंधारात कळसूबाई म्हणजे पुढच्या माणसाच्या टाचा. चार तास चाललो आणि डोंगर पाहिलाच नाही. कुणाच्या तरी सॅकमध्ये स्पीकर चालू होता. शिड्यांपाशी सगळं तुंबलं. चढून गेलेल्यांना ठाऊक असेल, दिवसा त्या शिड्यांचं काही वाटत नाही. रुंद आहेत, कठडे आहेत. रात्री वर वीस आणि खाली वीस माणसं असली की शिडी हलत नाही, पण गुणगुणते. कठडा धरलेल्या हातात ती गुणगुण कळते. वरच्याच्या बुटातली माती खालच्याच्या डोळ्यात. वरून कुणी मागे वळून पाहिलं की त्याच्या डोक्यावरचा टॉर्च थेट तोंडावर, आणि पुढच्या चार पायऱ्या आंधळ्यासारख्या चाचपडायच्या. लेक माझ्या पुढे होती. तिचा डावा हात कठड्यावर असायचा आणि उजवा दर दोन पायऱ्यांनी मागे येऊन माझं मनगट शोधायचा.

चारच्या सुमाराला विहिरीपाशी पोचलो. शिखराच्या खाली सपाटी आहे, तिथे विहीर आणि एक-दोन टपऱ्या. त्यानंतर शेवटची शिडी, की आलंच देऊळ. शिडीला चाळीसेक माणसांची रांग. चहा हातात घेतला आणि कुलंग किल्ल्याच्या बाजूला आभाळ विजेने उजळलं.

माझे वडील वायरमन होते. लोखंड आणि वीज हा आमच्या घरात चर्चेचा विषय नव्हता, शिस्तीचा होता. चमकली की मोजायचं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. लेक आणि मी मोजायला लागलो. पहिल्यांदा अठरा. मग पंधरा. मग अकरा. अकरा म्हणजे पावणेचार किलोमीटर, आणि वडिलांचा नियम असा की तिसाच्या आत ऐकू आलं तर उघड्यावर थांबायचं नाही. आम्ही उभे होतो राज्यातल्या सगळ्यात उंच जागेच्या बुडाशी, 1646 मीटरला थोडेच कमी, आणि समोर लोखंडी शिडीवर माणसं द्राक्षांसारखी लगडलेली.

मी म्हटलं, खाली.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, पाच मिनिटांवर आलंय. एवढ्यासाठी पोरीला परत नेणार?"

पाच मिनिटं नव्हती, रांग पाऊण तासाची होती. लेक एकदा मामाकडे बघे, एकदा माझ्याकडे. लीडर म्हणाला, "सर, इथे नेहमीच चमकतं." हे वाक्य मला आजही झोपेतून उठवतं. नेहमीच चमकतं! मी तिचा हात धरला आणि उलटा फिरलो. खाली जाणारे आम्ही दोघंच. मेव्हणा वर गेला.

आता खरं सांगायचं तर एक थेंब पडला नाही. ढग कसाऱ्याकडे निघून गेले आणि असा स्वच्छ सूर्योदय झाला की विचारू नका. आम्ही तो खालच्या पठारावर एका झोपडीसमोर लिंबू-सरबत पीत पाहिला. मेव्हण्याने तो शिखरावरून पाहिला, आणि त्याचा फोटो, मागे नारिंगी आभाळ, हात कमरेवर, दर जूनमध्ये न चुकता आमच्या घरच्या ग्रुपवर येतो. खाली ओळ ठरलेली: "काही जण विहिरीपर्यंतच." दिवाळीला, बारशाला, सासूबाईंच्या पंचाहत्तरीला, सगळीकडे हा विषय निघाला आहे. त्याचं म्हणणं एकच, शेवटची शिडी राहिली म्हणजे कळसूबाई राहिलं.

शिवाय त्याचा एक मुद्दा बिनतोड आहे: "अहो, उतरताना पण शिड्या लोखंडाच्याच होत्या ना?" होत्या. यावर माझं उत्तर असं की उतरताना त्या रिकाम्या होत्या आणि आम्ही भराभर कड्याखाली गेलो, पाऊण तास टोकावर रांगेत उभे राहिलो नाही. उत्तर चांगलं आहे. मला ते दोन वर्षांनी सुचलं.

तर ते पायथ्याचं देऊळ. ज्या गावांची ही देवी, त्यांनीच वर न जाणाऱ्यांची सोय करून ठेवली आहे. नवरात्रात वर जत्रा भरते, गावची माणसं शेंगदाणे खात खात चढून जातात, आणि ज्यांना जमत नाही त्यांना कुणी "विहिरीपर्यंतच" म्हणत नाही. "सर केलं", "फत्ते केलं" ही भाषा आपण शहरातून सॅकमध्ये घालून नेतो. आणि गोष्ट तरी काय सांगतात? कळसू ही कोळ्याची पोर. एका घरी कामाला राहिली ती अट घालून, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस तिला नेमकं तेच करायला लावलं. तिने ते केलं आणि डोंगरावर निघून गेली, परत आली नाही. ती वर गेली ती कुणी चॅलेंज दिलं म्हणून नव्हे. वैतागून गेली. तिच्या नावाच्या डोंगरावर "जमतंय का बघू" म्हणत पोरांना रेटणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मी नंतर गेलो. नोव्हेंबर 2021, मंगळवार, घोटीमार्गे बाइकवर एकटाच. मंगळवारी आणि गुरुवारी वर पूजा असते, त्यामुळे वाटेत सोबत मिळाली ती नारळ घेऊन निघालेल्या दोन बायकांची. पहाटे साडेपाचला निघून साडेआठला वर. शेवटच्या शिडीला सव्वा मिनिट लागलं, मी घड्याळ लावलं होतं. हो, लावलं होतं! वर देऊळ एवढंसं आहे की आत तिसरा माणूस आला तर पहिल्याने बाहेर यावं. अलंग, मदन, कुलंग एका ओळीत, खाली भंडारदऱ्याचं पाणी, दूर हरिश्चंद्रगड. हे सगळं रात्री येणाऱ्याला कधी दिसतं? तासाभरात त्यांना खाली हाकतात, बस निघायची असते. फोटो काढून मेव्हण्याला पाठवला. उत्तर आलं: "मस्त दाजी! गर्दी नव्हती वाटतं?"

तुमच्या उपयोगाचं आता. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आठवड्याच्या मधल्या वारी जा. आदल्या रात्री बारीत मुक्काम करा, गावात घरगुती सोय होते, आणि पाचला निघा म्हणजे उन्हाच्या आत चढ संपतो. बारीपासून चढ आठशे मीटरच्या आसपास आहे आणि त्यातला बराचसा सावलीविना. माणशी तीन लिटर पाणी, टपऱ्यांच्या भरवशावर राहू नका, मधल्या वारी त्या बंदही असतात. हातात खाऊची पिशवी दिसली की माकडं येतात, सगळं सॅकमध्ये ठेवा. पोराच्या बुटाचे तळवे बघून घ्या, शाळेचे पांढरे बूट नकोत. शिडीवर त्याला आपल्या पुढे ठेवा. आणि घरून निघतानाच ठरवा की परत फिरायचं कुणी म्हणायचं आणि ते म्हटल्यावर कुणी वाद घालायचा नाही. आमचं हेच ठरलं नव्हतं.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुकं, निसरडं आणि माथ्यावर असा वारा की उभं राहवत नाही. लोक जातात. मी पोराला नेणार नाही.

नाईट ट्रेकला सरसकट शिव्या घालतोय असं वाटेल, तर तसंही नाही. शेकडो लोक दर शनिवारी जाऊन सुखरूप येतात, आणि त्या गर्दीवर बारीतल्या कित्येक घरांची चूल चालते हे मी पाहिलंय. दहा-बारा माणसांचा ग्रुप, निरभ्र जानेवारी, मोठी माणसं असतील तर खुशाल जा. वळवाच्या दिवसांत मात्र नको.

आणि प्रामाणिकपणे आणखी एक. लेक आता कॉलेजात आहे. मागच्या दिवाळीत विषय निघाल्यावर मी तिलाच विचारलं, तूच सांग, बरोबर केलं ना मी? ती म्हणाली, "बाबा, मी मामाबरोबर गेले असते तरी चाललं असतं." मेव्हणा समोरच बसला होता.

येणार कुठून ते तुम्ही लिहिलं नाही. मुंबईहून असाल तर कसारा लोकल, पुढे जीप किंवा एसटी इगतपुरी-घोटीमार्गे बारी. पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर. गुडघ्याचं दुखणं असेल तर चढण्यापेक्षा उतरण्याची काळजी करा, काठी घ्या, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून ठेवा.