क्रीडा पत्रकारितेच्या पहिल्या वर्षी काय करावे?

कॅमेरा आणि संकलन पुढे शिकता येते, म्हणून आधी मैदानावर जा. जवळची एखादी कबड्डी स्पर्धा निवडा आणि पूर्वार्ध-उत्तरार्धाच्या 20-20 मिनिटांत प्रत्येक चढाईची नोंद स्वतःच्या वहीत करा. त्यामुळे सामना कोणत्या लोणामुळे (प्रतिस्पर्ध्यांचा सगळा संघ बाद करणे) वा अव्वल पकडीमुळे (तीन किंवा कमी बचावपटूंनी चढाईपटूला पकडणे) फिरला, हे तुम्हाला गुणफलकाशिवाय सांगता येईल. ही सवय मला सर्वांत मोलाची वाटते.

नवोदितांच्या नेहमीच्या चुका अशा:

- वृत्तांतात विशेषणांची गर्दी होते आणि गुणसंख्या मात्र चौथ्या परिच्छेदात सापडते.
- खेळाडूला "कसे वाटते?" एवढेच विचारले जाते. त्याऐवजी, शेवटच्या चढाईत बोनसचा (बोनस रेषा ओलांडून मिळणाऱ्या जादा गुणाचा) प्रयत्न का टाळला, असे नेमके विचारा.
- खेळाडूचे नाव व गाव पडताळले जात नाही.

क्रिकेटपुरतेच थांबू नका. 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक जिंकले, तेव्हा महाराष्ट्राचे त्याआधीचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक, म्हणजे 1952 च्या हेलसिंकीतील पैलवान खाशाबा जाधवांचे कांस्यपदक, ज्याला आधीच ठाऊक होते, त्याचीच बातमी पूर्ण झाली.

थेट समालोचनाची घाई सध्या नको. रोज 200 शब्दांचा एक वृत्तांत लिहा. तुम्हाला हे नक्की जमेल.