वीर्यतपासणीचा नमुना घरी घेऊन विरारहून दादरच्या लॅबमध्ये नेला तर चालेल का?

नको. नमुना शक्यतो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात लॅबच्या हाती पडायला हवा. विरार-दादर लोकलमध्येच तासभर जातो, तोवर शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि रिपोर्ट उगाच वाईट येतो. लॅबमध्येच द्या. आधी २ ते ७ दिवस वीर्यपतन नको. थुंकी, साबण, तेल, साधा कंडोम काहीच वापरू नका. पहिला थेंब सांडला तर न लाजता सांगा, सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात.

मिलिलिटरला १.६ कोटींपेक्षा कमी संख्या आली तरी एका रिपोर्टवर आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) ठरवू नका. नुकताच डेंग्यू-मलेरियाचा ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, नवे शुक्राणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. पत्नी पस्तिशीपुढची असेल तर मात्र तिच्या तपासण्या आत्ताच सुरू करा.