घरावर जुने सिमेंटचे पत्रे आणि प्यायला बोअरचं पाणी, कॅन्सरचा धोका किती?

पाण्याचं आधी उरकतो. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षणच्या लॅबला सँपल द्या, आर्सेनिक, नायट्रेट, फ्लोराईड वेगवेगळं तपासून मागा. टीडीएस मीटरवर जाऊ नका, ते पाण्यात विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतं. आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलीग्रॅम, टीडीएसचे आकडे शेकडो मिलीग्रॅममध्ये, त्यात ते दिसणार कुठून? उकळून पण जात नाही.

आता पत्रे, पण किस्सा पाण्यापासूनच सुरू होतो. आमच्या दाजींकडे पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन विकणारा आलेला. दोन ग्लास, एकात बोअरचं पाणी, एकात मशीनचं, दोन्हीत सळ्या सोडून प्लग लावला आणि बोअरचं बघता बघता गटारासारखं काळपट. ताई घाबरली. मी किचनमधून चिमूटभर मीठ आणून त्या दुसऱ्या ग्लासात टाकलं, तेही तसंच झालं, कारण क्षार असले की करंट जातो आणि रंग येतो तो लोखंडी सळीचा. दाजी म्हणाले तुला प्रत्येकात खोट दिसते, आणि अठरा हजारांचं मशीन घेतलंच. बरं घ्या. पण त्याच महिन्यात शेड काढायला मेस्त्री बोलावला आणि पत्रे कोरडेच ग्राइंडरने कापले, पांढरी धूळ पार खालच्या स्कूटीवर, भाच्याने सीटवर बोटाने नाव लिहिलं! मी ओरडलो तर म्हणे सिमेंटच आहे ते. अहो त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था पदार्थांचे गट करते, त्यातल्या माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्या गटातले. किती देशांत बंदी आहे, आपल्याकडे अजून बाहेरून आणतात.

अर्थात गटावरून पुरावा किती पक्का ते कळतं, धोका किती ते नाही. तो ठरतो किती धूळ, किती वर्षं छातीत गेली त्यावर. आख्खा पत्रा डोक्यावर गप पडलाय तोवर छेडू नका, काढायचाच तर पाणी मारून, न फोडता, आणि खाली कोरडा झाडू नको. एका दिवसात भाच्याला काही होईल असं मी म्हणत नाही. खरा धोका तोंडाला रुमाल बांधून रोज हेच करणाऱ्या त्या मेस्त्रीला, त्यात तो बिडी ओढायचा, दोन्ही मिळून फुफ्फुसाचं आणखी वाईट. दाजी अजून विचारतात, झालं का कुणाला काही? हा आजार वीस-चाळीस वर्षांनी दिसतो हो, आत्ता कुठे सहा झालीत.

आणि हो, हल्ली बिनॲस्बेस्टॉसचेही सिमेंट पत्रे मिळतात. तुमचे जुने म्हणताय म्हणजे ॲस्बेस्टॉस धरूनच चाला.